बाटलीतले जिवाणू

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्या घरी एकाच दिवशी दोन बाटल्या आल्या. सकाळी आली ती लहान. मुलगा न्यू जर्सीत असतो, त्याचा एक मित्र सुट्टीवर कोल्हापूरला आला होता, त्याच्याबरोबर सूनबाईने माझ्या पोटासाठी कॅप्सूल पाठवल्या होत्या. दुपारी शिरोळहून भाचा आला. बाजारात काम होते, जाता जाता आत्तीला भेटून जावे म्हणून डोकावला. त्याच्या हातात पाच लिटरचा पांढरा कॅन. कॅन त्याने व्हरांड्यात ठेवला, मी चहा टाकला, आणि चष्मा डोळ्यांवर होताच म्हणून सहज दोन्हींवरची अक्षरे वाचली. एकावर इंग्रजी, दुसऱ्यावर मराठी, पण मजकूर जवळजवळ तोच. इतके कोटी जिवंत जिवाणू! एक पोट सुधारणार, दुसरा रान सुधारणार. हिरव्या पानाचे चित्रसुद्धा दोन्हींवर. किमती लिहीत नाही, सूनबाई हे वाचते.

त्या दिवसापासून डोक्यात जे घोळते आहे ते आज लिहून टाकते. लेख जरा भांडखोर होणार आहे, घरच्यांनी सांभाळून घ्यावे.

आधी माझी लायकी सांगते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. शाळेत मराठी शिकवायला लागले, पण लहान शाळांत शिक्षक कमी, त्यामुळे सामान्य विज्ञानाचा तास माझ्या गळ्यात पडला तो निवृत्तीपर्यंत सुटला नाही. सूक्ष्मजीवांचा धडा मी किती वेळा शिकवला असेल याची गणतीच नाही. फळ्यावर दोन रकाने करायचे, डावीकडे हानिकारक, उजवीकडे उपयुक्त. डावा रकाना फळा भरून खाली यायचा. पटकी, विषमज्वर, क्षय, आमांश. उजवीकडे दही, इडली आणि हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी, संपले. परीक्षेत डाव्या रकान्याला सहा गुण आणि उजव्याला दोन. हात धुवा, पाणी उकळून प्या, नखे कापा हे मी पोरांच्या डोक्यात ठोकून ठोकून भरले. त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही, त्याने पोरे वाचली. पण त्याबरोबर जंतू म्हणजे शत्रू हेही त्यांच्या डोक्यात बसले, आणि ते बसवणारी मीच. आज तीच पोरे पन्नाशीला आली आहेत. कुणी शेतकरी, कुणी औषध दुकानदार. मला वाटते या दोन बाटल्यांच्या गोष्टीत माझाही थोडा हात आहे.

आता जे कळले ते कसे कळले तेही सांगते. माझी एक नात (भाचीची मुलगी) शिवाजी विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली. तिला मी पिडत असते. ती म्हणाली, आजी, तुम्ही शिकवत होतात तो काळ बशीचा होता. म्हणजे काय, तर काचेच्या बशीत खळ घालायची, त्यावर माती किंवा विष्ठेचा नमुना पसरायचा, आणि जे उगवेल ते मोजायचे. गंमत अशी की मातीतल्या जिवाणूंपैकी शेकडा एखादाच त्या बशीत वाढायला तयार होतो. बाकीचे नव्व्याण्णव तिथे असतात, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतातही, पण बशीत येत नाहीत. त्यांना शेजार लागतो, कुणाचे तरी उरलेले खाणे लागते. जिवाणूंची जात त्यांच्या जनुकांवरून ओळखण्याचा रस्ता अमेरिकेतल्या कार्ल वूज यांनी 1977 मध्ये दाखवला, आणि पुढे यंत्रे स्वस्त झाल्यावर बशीला वगळून सरळ मातीतलीच जनुके वाचता येऊ लागली. तेव्हा दिसले की चिमूटभर मातीत हजारो जाती नांदतात. माझ्या फळ्यावर मावणार नाहीत इतक्या.

पोटाचेही तसेच. पूर्वी सर्रास सांगत की माणसाच्या अंगात पेशींच्या दहापट जिवाणू असतात. ते खरे नव्हते. 2016 साली इस्रायलच्या संशोधकांनी नीट हिशोब मांडला तेव्हा पेशी सुमारे 30 लाख कोटी आणि जिवाणू सुमारे 38 लाख कोटी निघाले. सगळ्यांचे वजन मिळून पावशेराच्या आतच. दहापट नसले तरी बरोबरीने आहेत, हे काय कमी आहे?

इथपर्यंत भाचाही मान डोलावतो. भांडण सुरू होते ते पुढे.

त्याचे म्हणणे, "आत्ती, मग त्येच तर सांगतोय. रानात जिवाणू कमी झाल्यात, म्हणून बाहेरनं सोडायचं." सूनबाईचेही तेच म्हणणे, फक्त शब्द गोड. मी म्हणते, हिशोब करून बघा. मी बाई आहे, मला खडू दिला की मी हिशोब करते. द्रवरूप जिवाणू खतात दर मिलिलिटरला निदान दहा कोटी जिवाणू असावेत असा सरकारी नियम आहे. म्हणजे एका लिटरमध्ये दहा हजार कोटी. ऐकायला केवढे वाटते! आता एक एकर रानातली वरची वीतभर माती घेतली तर ती साधारण 900 टन भरते. तिच्यात दर ग्रॅमला फक्त दहा कोटी जिवाणू धरले (हा आकडा मी मुद्दाम कमी धरते आहे) तरी प्रमाण निघते ते असे, की मूळच्या नऊ लाख रहिवाशांमागे बाटलीतला एक पाहुणा. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे सीबीएसवर एक पाहुणासुद्धा पुरता उतरत नाही, आणि तो म्हणे गाव सुधारणार. पोटाच्या कॅप्सूलचेही हेच. तिच्यात 500 कोटी असले तरी मूळच्या साडेसात हजारांमागे एक.

यावर विकणाऱ्यांचे उत्तर तयार असते. ते वाढतात, म्हणे. वाढतात ना, कोण नाही म्हणते? पण कशावर वाढणार? खायला असेल तर तिथले मूळचेच आधी वाढतील, ते घरचे आहेत. आणि खायला नसेल तर पाहुणा उपाशी मरेल.

घरातल्या बायकांना हे पटकन कळते, कारण त्या रोज विरजण लावतात. चमचाभर विरजणाने भांडेभर दूध का लागते? दूध आधी तापवलेले असते म्हणून. त्यातले जुने बिऱ्हाड निघून गेलेले असते, आणि अन्न मात्र भरपूर असते. मोकळे घर आणि भरलेली कणगी. कच्च्या दुधात लावून बघा कसे दही लागते ते, कधी आंबट, कधी तारा सुटलेले, भलतेच काहीतरी. तिथे आधीचे बसलेले असतात. आपले रान हे तापवलेले दूध नव्हे आणि आपले आतडेही नव्हे. बाटलीचा सगळा धंदा विरजणाच्या दाखल्यावर उभा आहे आणि दाखलाच चुकीचा आहे.

कुणी म्हणेल बाई पूर्वग्रहाने बोलतात. म्हणून बाटलीने जिथे खरेच काम केले ती उदाहरणेही सांगते. सोयाबीन हे आपल्याकडचे पीक नव्हे. ते आले तेव्हा त्याच्या मुळांवर गाठी करणारा जोडीदार आपल्या मातीत फारसा नव्हता, तो पाकिटातून आणावा लागला, बियाण्याला चोळावा लागला, आणि ते योग्यच होते. तिथे जागा रिकामी होती आणि मुळे खाऊ घालत होती. दुसरे उदाहरण ओडिशातले. तिथल्या खेड्यांतल्या साडेचार हजारांवर नवजात बाळांवर एक मोठी चाचणी झाली, 2017 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या काही दिवसांत बाळांना एका जातीचे जिवाणू दिले, तर रक्तात जंतुसंसर्ग होऊन दगावण्याचे आणि आजारी पडण्याचे प्रमाण मिळून 40 टक्क्यांनी उतरले. स्वस्तातला उपाय, आपल्या देशातला, आणि त्याचे कौतुक व्हायला हवे तेवढे झाले नाही. पण बघा, बाळाचे आतडे नुकतेच उघडलेले घर असते, आणि त्या संशोधकांनी जिवाणूंबरोबर त्यांचा शिधाही दिला होता, एक प्रकारची साखर, जी तेच जिवाणू खातात. पाहुणा डबा घेऊन आला होता.

आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईचे आतडे? त्याचे ऐका. दोन वर्षांपूर्वी मला आधी दाढेचे, मग लघवीचे, मग पुन्हा दाढेचे असे दुखणे झाले. तीन महिन्यांत तीन वेळा प्रतिजैविके घेतली. मधला एक कोर्स तर मी डॉक्टरांकडे न जाता घरात उरलेल्या गोळ्यांतून स्वतःच घेतला, हे कबूल करते. त्यानंतर जो पोटाचा खेळ सुरू झाला तो सहा आठवडे. अशक्तपणा इतका की दारातल्या तुळशीपर्यंत जाताना भिंत धरावी लागे. त्या वेळी जो येईल तो एक बाटली सुचवून गेला. मीही घेतल्या, घाबरलेला माणूस काय घेत नाही! शेवटी नातीनेच एक संशोधन समजावून सांगितले. 2018 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत काही निरोगी माणसांना प्रतिजैविके देऊन त्यांचे तीन गट केले. एकाला तसेच सोडले, दुसऱ्याला अशाच अकरा जातींच्या जिवाणूंच्या कॅप्सूल दिल्या, तिसऱ्याला त्यांचीच औषधाआधी साठवून ठेवलेली विष्ठा परत आत घातली. (नाके मुरडू नका, शास्त्रात सगळे चालते.) तिसऱ्या गटाची वस्ती काही दिवसांत परत बसली. ज्यांना नुसते सोडले त्यांचीही तीन आठवड्यांत बरीचशी सावरली. आणि कॅप्सूलवाल्यांची महिनोन् महिने पूर्वपदाला आली नाही. पाहुणे मोकळ्या घरात शिरले आणि घरच्यांना दार उघडेनात! माणसे थोडी होती, तेव्हा त्यावरून फार मोठे बोलू नये. पण 2020 मध्ये अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही सगळे पुरावे तपासून हेच सांगितले, की पोटाच्या बहुतेक दुखण्यांत या कॅप्सूल सुचवण्याजोगा आधार नाही, ठरावीक प्रसंग सोडले तर. दिवस पुरे न भरलेली बाळे हा त्यातला एक प्रसंग. प्रतिजैविकांमागून येणारा एक विशिष्ट वाईट जुलाब टाळणे हा दुसरा, तेव्हा डॉक्टरांनी विचार करून दिले असेल तर माझा लेख वाचून बंद करू नका. माझे भांडण शेजारणीच्या, भाच्याच्या आणि व्हॉट्सॲपच्या सल्ल्याशी आहे.

प्रतिजैविकांवरून आठवले. ती तरी आली कुठून? मातीतूनच. जन्मभर मातीतल्या सूक्ष्मजीवांचाच अभ्यास केलेल्या सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत 1943 साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले, क्षयरोग्यांना पहिल्यांदा आशा मिळाली, आणि 1952 मध्ये वॅक्समनना नोबेल मिळाले. आपल्या पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. तिथल्या थिरुमलाचार यांना पिंपरीच्याच मातीत एक जिवाणू सापडला, त्याचे नाव ठेवले पिंप्रिना, आणि त्याच्यापासून बुरशीवरचे हॅमायसिन हे औषध झाले. पहिल्या पावसाचा जो वास आपण छाती भरून घेतो तोही त्याच घराण्यातल्या जिवाणूंचा. म्हणजे मातीने आपल्याला औषध दिले आणि वासही दिला, आणि आपण तिला दिले काय, तर काडेपेटी.

हो, आता पाचटावर येते. भाचा इथपर्यंत वाचत आला असेल तर त्याला कळलेच असेल की आत्ती कुठे येणार.

शिरोळकडच्या रानात ऊस तुटला की रात्री पाचट पेटते. लहानपणी मलाही ती आग बघायला आवडायची, लांबून दिवाळीसारखी दिसते. हेक्टरी आठ-दहा टन पाचट एका रात्रीत राख होते. भाच्याची कारणे खोटी नाहीत आणि ती मी त्याच्याच शब्दांत लिहिते. "पाचट ठेवलं की पाणी फिरत न्हाई सरीतनं. उंदरं हुत्यात. आणि खोडवा पिवळा पडतोय, डोळ्यानं बघितलंय मी. राखंत पोटॅश असतंय, ती रानातच ऱ्हातीय की." राखेत पालाश उरतो हे खरे. पण नत्र आणि गंधक धुरातून जातात, आणि सगळ्यात मोठे म्हणजे कर्ब जातो, जो या 38 लाख कोटींच्या मातीतल्या भावकीचा भाकरतुकडा आहे. आणि खोडवा पिवळा का पडतो? पाचटात कर्ब भरमसाट आणि नत्र अगदी थोडे. ते कुजवायला बसलेल्या जिवाणूंना स्वतःच्या अंगासाठी नत्र लागते, ते मातीतून उचलतात, आणि उसाला तेवढे दिवस कमी पडते. ते उसने नेलेले असते, जिवाणू मेले की परत येते. म्हणून तर कृषी शास्त्रज्ञांची शिफारस आहे की पाचट सरीत दाबून हेक्टरी 80 किलो युरिया आणि 100 किलो सुपर फॉस्फेट त्यावर टाका, 10 किलो कुजवणारे जिवाणू टाका. तेवढे केले की पिवळेपणाची तक्रार बरीच जाते. (हो, त्यात 10 किलो जिवाणू आहेत, भाचा आता उडी मारणार. अरे, टाक की! पुढ्यात दहा टन अन्न वाढून ठेवलेस तर टाक. जेवण जाळून टाकायचे आणि आचारी बोलवायचे, हे मला कळत नाही.)

आणि हे सांगणारी मी पहिली नव्हे. आपल्या कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर वर्षानुवर्षे हेच लिहीत आले, की पिकाची मुळे, बुडखे जागेवर कुजू द्या, नांगरट टाळा, जमिनीतल्या सूक्ष्मजीवांना काम करू द्या. स्वतःच्या शेतात करून बघून लिहिले. पुण्याचे डॉ. आनंद कर्वे यांनीही मांडले होते की मातीतल्या जिवाणूंना कुजून गेलेले खत नको, त्यांना ताजे, ऊर्जा असलेले खाणे द्या, मातीतली खनिजे ते स्वतः मिळवतात. यांतल्या एकेका मुद्द्यावर शास्त्रज्ञांचे मतभेद आहेत, असोत. पण दोघांच्याही सांगण्यात बाटली नाही. म्हणून तर त्यांच्यामागे जाहिरात नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींनी खूश होऊ नये. जीवामृताचे भक्तही माझ्या ओळखीचे आहेत, नात्यातही आहेत. दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती, दोनशे लिटर पाणी. करा, त्यात वाईट काही नाही, गुळा-बेसनाने मातीतल्यांना चार घास मिळतात. पण एका ग्रॅम शेणात इतके कोटी अमुक, असे जे व्यासपीठावरून सांगतात ते तेच बाटलीचे गणित झाले. गाईच्या आतड्यातले बरेचसे जिवाणू हवेशिवाय, उबेत राहणारे. त्यांना उघड्या रानात आणून सोडले तर ते कितीसे टिकणार? एकाने विज्ञानाच्या नावाने बाटली विकायची आणि दुसऱ्याने परंपरेच्या नावाने पिंप भरायचे, आणि पाचट दोघांच्याही रानात पेटायचे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

2019 च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा शिरोळचे रान कितीतरी दिवस पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर मी गेले होते. माती काळीनिळी, आणि अंड्याचा घाण वास. हवा बंद झाल्यावर मातीतली हवेवर जगणारी वस्ती मागे पडते आणि हवेवाचून जगणारी पुढे येते, तिचा तो वास. भावकीतले सगळे हवालदिल. अशा वेळी कॅन घेऊन कोण कोण बांधावर आले होते ते भाच्याला विचारा. नुकसानभरपाई यायच्या आधी ते आले. पुढे रान वाळले, हवा खेळली, ताग पेरून गाडला, आणि दोन पावसांच्या मध्ये माती पुन्हा मातीसारखी दिसू लागली. 2021 च्या जुलैत पुन्हा बुडाली, तो भाग वेगळा. ज्याने ताग गाडला त्याचे सावरले आणि ज्याने नुसता कॅन ओतला त्यानेही श्रेय कॅनला दिले, कारण वाळले तर त्याचेही होतेच.

सरकारलाही एक बोलायचे आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली. चांगली योजना. पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, मग जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, आणि सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. नाव आरोग्याचे, आणि बाराच्या बारा रकान्यांत जिवंत काहीही नाही! सेंद्रिय कर्ब तेवढा जवळचा नातेवाईक. माझ्या आरोग्याची पत्रिका कुणी केली आणि त्यात फक्त अंगात लोह किती, चुना किती, मीठ किती लिहिले, आणि बाई श्वास घेतात का हे विचारलेच नाही, तर काय म्हणाल? मातीचा श्वास मोजणे काही जनुके वाचण्याइतके महाग नाही. ओलसर माती बंद बरणीत ठेवायची आणि तिच्यातून कार्बन डायऑक्साइड किती निघतो ते मोजायचे. सहावीच्या मुलांना मी चुन्याची निवळी श्वासाने पांढरी करून दाखवत होते, तत्त्व तेच. प्रयोगशाळेत ते अचूक करतात एवढेच. तेरावा रकाना हा असू दे, मग कॅनवाला बांधावर आला की शेतकरी त्याला म्हणेल, ओत आणि तीन महिन्यांनी श्वास मोजून दाखव. बघा कितीजण थांबतात ते.

पोटाच्या बाबतीतला माझा राग आणखी वेगळा आहे. सूनबाईने कॅप्सूलच्या आधी माझी एक तपासणीही करवली होती, डबीत नमुना घालून पाठवायचा, मग रंगीत अहवाल येतो. अहवालात लिहिले होते की माझ्या पोटातली वस्ती सामान्य नाही, एका जातीचे प्रमाण फार जास्त. मी घाबरले, नात हसली. त्या जातीचे नाव प्रेव्होटेला. ती म्हणाली, आजी, ही आपल्याकडच्या पोटात भरपूर असतेच, कडधान्ये, धान्य, भाजीपाला खाणाऱ्यांत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे भारतीयांच्या नमुन्यांत दाखवले आहे. त्यांनी तर तीन पिढ्या एका छपराखाली राहणारी दोन एकत्र कुटुंबे घेऊन आजोबा ते नातू अशी पोटातली वस्ती वयानुसार कशी बदलते तेही पाहिले, 2012 चा तो निबंध. एकत्र कुटुंबाचा असाही उपयोग होईल असे कुणाला वाटले होते! मग माझ्या अहवालातले ‘सामान्य’ कुणाचे सामान्य? 2022 मध्ये एका पाहणीत जगभर जमा झालेल्या अशा नमुन्यांचा हिशोब मांडला. ज्यांचा देश ठाऊक आहे अशा नमुन्यांपैकी 71 टक्के युरोप, अमेरिका आणि कॅनडातले. एकट्या अमेरिकेतले जवळजवळ 47 टक्के, आणि जगाच्या लोकसंख्येत अमेरिका चार टक्क्यांच्या थोडी वर. म्हणजे तिकडच्या पावावर वाढलेल्या पोटांची सरासरी काढायची, आणि इकडे जन्मभर भाकरी-आमटी खाल्लेल्या बाईला सांगायचे की तू बिघडलेली आहेस, ही घे बाटली.

म्हणून म्हणते, अभ्यास हवाच, आणखी हवा, आपल्या मातीचा आणि आपल्या पोटांचा हवा. पन्हाळ्याच्या तांबड्या मातीचा वेगळा, शिरोळच्या काळ्या रानाचा वेगळा. माझा राग अभ्यासावर नाही. अभ्यास अजून सांगतो आहे की वस्तीतले बहुतेक जण कोण, काय करतात हे उमजायचे आहे, आणि तेवढ्यात दुकानात त्यांची बाटली तयार! नव्व्याण्णव बशीत येत नाहीत, मग बाटलीत कोण आले? जे बशीत वाढले तेच. म्हणजे वस्तीतले सगळ्यात सोपे, सगळ्यात कमी लाजाळू.

माझे पोट कसे सावरले ते विचाराल तर सांगण्यासारखे फारसे नाही. उरलेल्या गोळ्या फेकल्या. ज्वारीची भाकरी, नाचणीची आंबील, मोडाची मटकी थोडी थोडी, ताक, आणि वेळ. ताकाने वस्ती बसवली असे मी म्हणणार नाही, मग माझ्यात आणि कॅनवाल्यात फरक काय राहिला? पण भाकरीतला जो चोथा आपल्याला पचत नाही तो मोठ्या आतड्यातल्यांचे जेवण आहे, आणि ते खाऊन ते जी आम्ले तयार करतात त्यांवर आतड्याचे अस्तर पोसते, एवढे पक्के ठाऊक आहे. उंदरांवरच्या एका प्रयोगात पिढ्यान् पिढ्या चोथा कमी दिला तर चौथ्या पिढीपर्यंत कित्येक जाती कायमच्या गेल्या, नंतर खाणे सुधारूनही परत आल्या नाहीत. न्यू जर्सीतल्या माझ्या नातवाला भाकरी आवडत नाही. तो तिसरी पिढी. सूनबाई, हे टोमणा म्हणून घेऊ नकोस.

आता रानाचे. सहज कुणी म्हणेल, बाई, एवढे कळते तर तुमच्या वाटणीच्या रानात करून दाखवा. तीच तर मेख आहे. वडील गेले तेव्हा मी आणि धाकट्या बहिणीने तलाठ्याकडे हक्कसोडीवर सही केली, सगळ्या बहिणी करतात तशी, भावाच्या घरी माहेर राहावे म्हणून. सहीचे दुःख नव्हते, आजही नाही. पण परवा भाच्याशी वाद घालताना पहिल्यांदा लक्षात आले की त्या रानाबद्दल मला फक्त मत आहे. तो तसे बोलला नाही, मुलगा गुणाचा आहे. मीच म्हटले, "दहा गुंठे माझ्या नावाचे समज, आणि तेवढ्यात यंदा काडी लावू नकोस."

तो बराच वेळ कपाकडे बघत बसला. मग म्हणाला, "ठेवतो आत्ती, रस्त्याकडंचं दहा गुंठं. पर खोडवा पिवळा पडला तर युरियाचं पैसं तू द्यायचं."

दहा गुंठ्यांचे टनभर पाचट, त्याला आठ किलो युरिया आणि दहा किलो सुपर. युरियाचे पोते 45 किलोचे येते, सुट्टे कुणी देत नाही. मी पूर्ण पोत्याचे पैसे पाठवून दिले आहेत. कॅन अजून व्हरांड्यातच आहे, तो विसरून गेला.